गोल्फची गोष्ट कापावी काय?

दिवाळी अंकात भुताची गोष्ट असावी की नसावी, हा वाद आमच्या घरी दरवर्षी होतो. फराळाचे ताट पुढे आले की अंक उघडायचा, अनुक्रमणिकेवरून बोट फिरवायचे आणि नेमके भुताच्या गोष्टीपाशी थांबवायचे, ही माझी शाळेपासूनची खोड. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी ती लावली आणि ती अजून सुटलेली नाही. सौभाग्यवतींचे म्हणणे असे, की सणासुदीला हे अभद्र हवे कशाला? तेव्हा त्यांच्या समाधानासाठी आधीच सांगून टाकतो, की आज मी भुताची गोष्ट सांगणार नाही. भुताच्या पाच गोष्टी एकाच चित्रपटात पाहून आमच्या घरची आणि कॉलेजातली मंडळी काय म्हणाली, एवढेच सांगणार आहे.

चित्रपटाचे नाव 'डेड ऑफ नाइट'. इंग्लंडातल्या ईलिंग स्टुडिओने तो १९४५ साली काढला. कृष्णधवल, पावणेदोन तासांच्या आतबाहेरचा. त्याला दिग्दर्शक चार : कॅव्हलकान्ती, चार्ल्स क्रायटन, बेसिल डिअर्डन आणि रॉबर्ट हेमर. आपल्याकडे चार स्वयंपाकी एका पंक्तीला राबले तर आमटीचे काय होते ते आपण जाणतो. इथे मात्र पंक्ती बऱ्या उठल्या आहेत.

क्रेग नावाचा एक वास्तुशिल्पी कामासाठी खेड्यातल्या एका बंगल्यावर जातो. बंगला त्याने कधी पाहिलेला नाही, पण दारात पाऊल टाकताच त्याला सगळे ओळखीचे वाटते. जमलेली पाहुणेमंडळी तर त्याच्या स्वप्नात नेहमी येणारी! पुढे कोण काय बोलेल तेही तो सांगू लागतो. आणि हे स्वप्न शेवटी फार वाईट वळण घेते, एवढेही त्याला अंधूक आठवते. पाहुण्यांत एक मनाचे डॉक्टर आहेत. त्यांना हे सारे थोतांड वाटते. मग क्रेगची बाजू घेण्यासाठी एकेक पाहुणा आपापला विलक्षण अनुभव सांगतो, आणि गंमत अशी की शेवटची गोष्ट डॉक्टरांनाच सांगावी लागते.

मराठीच्या मास्तराला इथे वेताळ पंचविशी आठवल्यावाचून राहत नाही. पैठणच्या सातवाहनाच्या दरबारातल्या गुणाढ्याने बृहत्कथा रचली, असे परंपरा सांगते. त्याच वळणाच्या कथा सोमदेवाच्या कथासरित्सागरात आल्या आणि त्यांतच वेताळाच्याही आल्या. राजाने प्रेत खांद्यावर घ्यायचे, वेताळाने गोष्ट सांगायची, राजा बोलला की वेताळ परत झाडावर. एकेका गोष्टीतले कोडे सोडवण्यात आपण इतके रंगतो, की तिकडे स्मशानात तो कपटी योगी खुद्द राजाचाच बळी देण्यासाठी टपून बसला आहे, हे विसरून जातो. 'डेड ऑफ नाइट'चेही तसेच. पाच गोष्टी संपतात, आपण सैल होऊन बसतो, आणि मग बाहेरची गोष्ट आपल्याला धरते.

शनिवारी रात्री जेवणे आटोपल्यावर हा चित्रपट मी घरी लावला. सौ., मुलगा, मुलगी आणि माझी आई. मुलगा प्रथम नाक मुरडून बसला होता. त्याच्या लेखी २००० सालापूर्वीचे सगळे चित्रपट मूकपटच. मार्टिन स्कॉर्सेसी यांनी २००९ साली आपल्या मते सर्वांत भीतिदायक अशा अकरा चित्रपटांची यादी दिली होती आणि तीत हा होता, असे मी सांगितले तेव्हा कुठे त्याने हातातला मोबाईल उपडा ठेवला.

चित्रपट संपल्यावर मुलीने वही काढली. प्रत्येक गोष्टीला दहापैकी गुण द्यायचे! आमच्याकडे पुरणपोळीलाही हल्ली गुण मिळतात, तेव्हा नवल नाही.

पहिली गोष्ट मोटारींच्या शर्यतीतल्या एका खेळाडूची. अपघातानंतर तो रुग्णालयात असताना खिडकीखाली त्याला प्रेतवाहू गाडी दिसते, आणि तिचा गाडीवान आत एका माणसापुरती जागा असल्याचे सांगतो. पुढे तोच चेहरा एका बसच्या कंडक्टरचा होऊन भेटतो. मुलगी रोज बसने कॉलेजला जाते. तिने आठ गुण दिले.

आरशाच्या गोष्टीला सौ.नी नऊ दिले. एक तरुणी आपल्या होणाऱ्या नवऱ्याला जुना आरसा भेट देते. त्याला त्यात स्वतःची खोली दिसेनाशी होते आणि दुसरीच, जुनी, शेकोटी पेटलेली खोली दिसू लागते. आरशाच्या पूर्वीच्या मालकाने संशयाने बायकोचा गळा आवळला होता. हळूहळू या नवऱ्याच्या अंगातही तोच संशय भिनतो. "अहो, यात भुताचे काय एवढे?" सौ. म्हणाल्या, "नवरा आरशापुढे उभा राहून आपलाच राग उगाळत बसतो, आणि शेवटी आरसा फोडायचा कुणी, तर बायकोने! हे घरोघर चालते." मी विषय बदलला.

मुलाचे नऊ गुण बोलक्या बाहुल्याच्या गोष्टीला. मायकेल रेडग्रेव्ह यांनी त्यात शब्दभ्रमकाराचे काम केले आहे. ह्यूगो नावाचा त्याचा बाहुला त्याचे ऐकेनासा होतो, दुसऱ्या कलावंताकडे जाण्याच्या गोष्टी करतो आणि मालकाचा पाणउतारा करतो. बाहुला खरेच जिवंत आहे की तो माणूसच दुभंगला आहे, हे शेवटपर्यंत कळत नाही.

गोल्फच्या गोष्टीची मात्र दैना झाली. मुलाने एक गुण दिला, मुलीने दोन, सौ.नी अनुकंपा म्हणून तीन. एच. जी. वेल्सच्या एका कथेवरून ती बेतलेली आहे. एकाच मुलीवर प्रेम करणारे दोन गोल्फवेडे तिच्यासाठी सामना खेळतात. हरलेला तळ्यात चालत जाऊन जीव देतो. मग जिंकलेल्याने लबाडी केली म्हणून भूत होऊन परत येतो, आणि अदृश्य होण्यासाठी हातवारे कसे करायचे तेच विसरतो! सगळी थट्टा. भयपटात ही कशाला, असे पाहणारे गेली ऐंशी वर्षे विचारीत आले आहेत. खरे सांगायचे तर ती लांबली आहे, असे माझेही मत आहे.

नाताळच्या गोष्टीला सगळ्यांनी मिळून चार-चार दिले. एका जुन्या वाड्यात मुले लपाछपी खेळत असतात. लपता लपता सॅली नावाची मुलगी माळ्यावरच्या एका खोलीत पोहोचते. तिथे एक लहान मुलगा रडत असतो. ती त्याला जवळ घेते, गाणे म्हणून निजवते, पांघरूण घालते आणि खाली येते. मग कळते की त्या नावाच्या मुलाचा फार पूर्वी त्याच्या बहिणीने खून केला होता. ही नावे खरी आहेत. १८६० साली इंग्लंडात रोड हिल हाउस या घरात जेमतेम चार वर्षांच्या फ्रान्सिस केंटचा खून झाला आणि १८६५ साली त्याच्या सावत्र बहिणीने, कॉन्स्टन्सने, कबुली दिली. "पण यात भीती कुठे आहे?" मुलगी म्हणाली, "पोराला निजवले, संपले."

"आजी, तू किती देतेस?" तिने विचारले.

"मला नाही कळत तुमच्या मार्कांतलं," आई म्हणाली आणि निजायला गेली.

हे सर्व घडले आणि दुसऱ्याच आठवड्यात आमच्या कॉलेजच्या चित्रपट मंडळाने मला एखादा जुना चित्रपट दाखवण्याची गळ घातली. सभागृह मिळत होते साडेतीन ते पाच. पाचला तिथे स्नेहसंमेलनाच्या नाटकाची तालीम, आणि नाटकवाले किती वक्तशीर असतात हे तालमीपुरते तरी मान्य करावे लागते. प्रास्ताविक धरून हातात सव्वा तास उरला. मला वहीतले गुण आठवले. गोल्फ आणि नाताळ वगळले की काम भागत होते! शिवाय आधार होता. हा चित्रपट अमेरिकेत गेला तेव्हा तिथल्या वितरकांनी लांबी कमी करण्यासाठी नेमक्या याच दोन गोष्टी काढून टाकल्या होत्या. बहुमत माझ्या बाजूला आणि इतिहासही. मी दोन्ही गोष्टी ओलांडून चित्रपट दाखवला, आणि प्रास्ताविकात त्याचा उल्लेख करण्याचे, काय सांगू, राहून गेले.

पोरांनी मन लावून पाहिला. ह्यूगो पडद्यावर आला तेव्हा मात्र मागच्या बाकांवरून "तात्या विंचू!" अशी आरोळी उठली आणि सभागृह हसले. यात त्यांचा काय दोष? महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' १९९३ सालचा. ही मुले तेव्हा जन्मलीही नव्हती, पण तो बाहुला त्यांना घरच्या माणसासारखा ओळखीचा आहे. आम्हां मराठी माणसांचे बोलक्या बाहुल्यांशी नातेच प्रेमाचे. पाध्यांच्या अर्धवटरावांनी शंभरी ओलांडली, तरी त्यांना पाहून कुणाला धडकी भरल्याचे ऐकिवात नाही. पण पाच मिनिटांत हसणे थांबले. तात्या विंचूच्या अंगात गुंडाचा आत्मा आहे, हे आपल्याला ठाऊक असते. ह्यूगोच्या अंगात काय आहे ते कुणी सांगतच नाही.

नंतर मते सांगताना वसतिगृहातली एक मुलगी म्हणाली, की तिला आरशाने घाबरवले. तिच्या खोलीतल्या कपाटाला आधीच्या कुणाचा तरी आरसा आहे आणि आज रात्री ती त्यावर टॉवेल टाकणार आहे. वाणिज्य शाखेच्या एकाने "हा भयपट होता का, सर?" असे विचारून मला गार केले.

मग एक मुलगा उठला. एरवी वर्गात तोंड न उघडणारा. "सर, शेवटी क्रेग पळत सुटतो आणि ज्या घरात शिरतो, ते घर कुठले? तिथे मुले लपाछपी का खेळत असतात? आणि त्या मुलीला तो मारतो का?"

माझी जीभ टाळूला चिकटली. चित्रपटाच्या शेवटी क्रेगचे स्वप्न बिघडते, तो डॉक्टरांचा गळा दाबतो आणि मग एका गोष्टीतून दुसऱ्या गोष्टीत धावत सुटतो. सगळ्या गोष्टींची माणसे एकमेकांत मिसळतात. ज्या घरात सॅलीने त्या पोराला निजवले त्याच घरात तो येतो आणि त्याच सॅलीवर हात उगारतो. ज्याने ती गोष्ट पाहिली त्याच्या पोटात इथे खड्डा पडतो. न पाहिलेल्याला वाटते, ही पोरगी कोण? अमेरिकेतले प्रेक्षकही असेच बुचकळ्यात पडले होते. हे मी वाचले होते, आणि तरीही तेच केले होते.

मी कबूल केले. पोरे रागावली नाहीत. उलट "उरलेले कधी दाखवता?" म्हणाली. एकाने मात्र विचारले, "सर, गोल्फचीही हवीच का?" त्यावर तेव्हा मला धड उत्तर देता आले नाही. आता देतो. आरशाच्या गोष्टीनंतर अंग आखडलेले असते. गोल्फची थट्टा ते मोकळे करते, आणि हसून बेसावध झालेल्या माणसासमोर ह्यूगो येतो. आमच्या मागच्या बाकांना तात्या विंचूपुरते हसावे लागले, ते बहुधा त्यांचे गोल्फचे हसणे मी आधीच खाऊन टाकले होते म्हणून.

या चित्रपटाच्या शेवटाने तर खगोलशास्त्रही सोडलेले नाही. क्रेग घाबरून जागा होतो, दूरध्वनी वाजतो, कुणीतरी त्याला खेड्यातल्या बंगल्यावर बोलावते, आणि चित्रपट जिथे सुरू झाला तिथे परत येतो. युद्धानंतर केंब्रिजला फ्रेड हॉईल, हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड यांनी तो पाहिला आणि गोल्डने विचारले, विश्वही असेच आरंभ नसलेले असले तर? हॉईल यांनीच पुढे ही आठवण सांगितली आहे. १९४८ साली त्या तिघांनी स्थिर-स्थिती सिद्धान्त मांडला. आपले जयंत नारळीकर पुढे याच हॉईल यांचे विद्यार्थी झाले. १९६५ साली सापडलेल्या विश्वातल्या सूक्ष्मलहरींनी त्या सिद्धान्ताला मोठा धक्का दिला, तरी नारळीकर महास्फोटाच्या कल्पनेशी अखेरपर्यंत वाद घालीत राहिले. २० मे २०२५ रोजी पुण्यात ते गेले. एका प्रेक्षकाचे मत कुठवर जाऊ शकते पाहा! आमच्या वहीतले गुण दिवाणखान्याबाहेरही गेले नसते तर बरे झाले असते.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी ही फजिती सांगितली. आई चकलीची भाजणी निवडत होती.

"त्या पोराची गोष्ट काढून टाकलीस?" तिने विचारले.

"वेळच नव्हता, आई. आणि कुणाला ती एवढी आवडलीही नव्हती."

ती थोडा वेळ निवडत राहिली. मग म्हणाली, "आमचा बाळू गेला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. घटसर्प झाला होता. मला जाऊ देत नव्हते त्याच्या खोलीत, लागण होईल म्हणून. कुडाच्या भिंतीपलीकडे निजायचे मी. रात्रभर त्याचं रडणं ऐकू यायचं. मग एका रात्री नाही आलं." तिने ताटातला एक खडा बाजूला टाकला. "त्या पोरीला जाता तरी आलं."

मला पंचेचाळिसावे लागले आहे. मला एक मामा होता, हे मला त्या दिवशी कळले. फोटो नाही, श्राद्ध नाही, कुणी नावही घेत नाही. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. तिने वही आणली नाही.

दिवाळीची सुट्टी संपल्यावरचा पहिला शनिवार ठरला आहे. सभागृह दोन ते पाच मिळाले आहे आणि नाटकवाल्यांशी लेखी तह झाला आहे. पाचही गोष्टी दाखवायच्या, गोल्फसकट. आईनेही येण्याचे कबूल केले आहे. मात्र तिची एक अट आहे. त्या पोराची गोष्ट झाली की तिला रिक्षात बसवून द्यायचे. आरसे आणि बाहुले बघायला आपल्याला वेळ नाही, असे तिचे म्हणणे आहे.