परीस आणि एक हजार गॅलिऑन

वाशी, नेरूळ, खारघर येथील व्यापारी कुटुंबांतील मुलांच्या कपाटात ‘हॅरी पॉटर’चे सात जाडजूड खंड हमखास आढळतात. वडीलधाऱ्यांना मात्र त्यांविषयी एवढेच ठाऊक असते की त्यांत झाडूवर बसून उडणारी मुले आहेत. परीक्षा जवळ आली की हे खंड माळ्यावर जातात. ज्या घराला उद्या पेढी सांभाळायची आहे त्या घरातील मुलाने जादूच्या शाळेत का रमावे, हा आजोबांचा प्रश्न रास्तच आहे. त्याचे उत्तर त्याच खंडांत आहे. पण ते शोधायला आजोबांनी ते खंड उघडायला हवेत.

त्याची सोय झालेली आहे. जे. के. रोलिंग यांच्या मालिकेचा पहिला भाग लंडनच्या ब्लूम्सबरी या संस्थेने २६ जून १९९७ रोजी काढला तेव्हा त्याच्या सजिल्द प्रती केवळ ५०० होत्या. सातवा भाग २१ जुलै २००७ रोजी आला. मराठी अनुवाद भोपाळच्या मंजुल पब्लिशिंग हाऊसने प्रसिद्ध केले आणि त्यांत मंजूषा आमडेकर यांचा वाटा मोठा आहे. पहिल्या भागाचे मराठी नाव आहे ‘हॅरी पॉटर आणि परीस’. अमेरिकन प्रकाशकाने १९९८ मध्ये मूळ शीर्षकातील तत्त्वज्ञ काढून तेथे मांत्रिक बसवला आणि त्या दगडाचा किमयेशी असलेला जुना संबंध तोडला. मराठीला मात्र शब्द शोधावाच लागला नाही. लोखंडाचे सोने करणारा परीस आजीच्या गोष्टीत होताच. या परिसाचा कथेतील मालक निकोलस फ्लामेल हा तर खराखुरा माणूस. तो पॅरिसमध्ये हस्तलिखितांचा व्यवसाय करीत असे आणि १४१८ मध्ये वारला. त्याने सोने बनवल्याची आख्यायिका मागाहून पसरली.

पहिल्या भागाच्या शेवटी, मालकाच्या संमतीनेच, हा परीस नष्ट केला जातो. पुढील सहा भागांत श्रीमंत होण्याची जादू कोणाच्याही कामी येत नाही. लेप्रेकॉन नावाचे चिमुकले जीव सोन्याची नाणी उधळतात, ती काही तासांत विरून जातात. सातव्या भागात एका तिजोरीतील वस्तूंना हात लावताच त्यांच्या शेकडो प्रती निघतात, पण त्या प्रती कवडीमोल असतात. मंत्राने दिवा लागतो, कुलूप उघडते, माणसाचा उंदीरही होतो. रोकड मात्र मिळवावीच लागते. वैताढ्य पर्वतावरील विद्याधरांच्या कथा ऐकत वाढलेल्यांना यात नवल वाटणार नाही. तेथेही विद्या साधनेवाचून सिद्ध होत नाही.

या जगाचे चलनही पाहण्याजोगे आहे. एका गॅलिऑनचे १७ सिकल आणि एका सिकलचे २९ नट. म्हणजे एका गॅलिऑनचे ४९३ नट. आजच्या मुलांना ही निव्वळ गंमत वाटते. १ एप्रिल १९५७ पूर्वी ज्यांनी रुपयाचे सोळा आणे आणि एकशे ब्याण्णव पै मांडले त्यांना ती तशी वाटणार नाही. गॉब्लिन चालवतात ती ग्रिंगॉट्स बँक खोल भुयारात आहे. हॅरीची वडिलोपार्जित रक्कम तेथे नाण्यांच्या ढिगाच्या रूपात पडून असते. बँकेच्या भाषेत ती ठेव नव्हे, लॉकर.

परंतु व्यापारी घराने खरोखर वाचावे ते फ्रेड आणि जॉर्ज या जुळ्या भावांचे प्रकरण. वडील जादू मंत्रालयात नोकर, पगार तुटपुंजा, सात मुले. थोरल्याचे कपडे आणि पुस्तके धाकट्याने वापरायची, अशी घराची रीत. शालान्त परीक्षेत या दोघांना प्रत्येकी तीनच विषय सुटले. त्यांना गमतीच्या वस्तूंचे दुकान काढायचे आहे आणि त्यांनी सरकारी नोकरी धरावी असा आईचा हट्ट आहे. तिने मालाच्या मागणीचे छापील कागदही जाळून टाकले. आपल्याकडे चित्र नेमके उलट असते. मुलगा नोकरी म्हणतो आणि घर दुकान म्हणते.

दोघांजवळची सारी शिल्लक ३७ गॅलिऑन, १५ सिकल आणि ३ नट. ती त्यांनी एका सामन्यावर पैजेला लावली. पैज जिंकली, पण समोरच्याने चुकते केले ते लेप्रेकॉनच्या सोन्यात. सट्ट्यात जिंकूनही भांडवल गेले. लेखिकेने येथे उपदेशाचा एक शब्द लिहिलेला नाही, हे तिचे कसब.

पुढे हॅरीला एका स्पर्धेचे एक हजार गॅलिऑन बक्षीस मिळते. त्याच स्पर्धेत त्याचा सोबती मारला गेलेला असतो. हॅरी ती रक्कम मृत मुलाच्या आईवडिलांपुढे ठेवतो, ते नाकारतात. मग तो ती जुळ्या भावांच्या हाती देतो. कागद नाही, व्याज नाही, मुदत नाही. अट एकच: धाकट्या रॉनला समारंभासाठी नवा झगा घ्यायचा आणि तो तुमच्याकडून म्हणून द्यायचा.

सहाव्या भागात युद्धाच्या सावटाने बाजारपेठेतील दुकानांना फळ्या ठोकल्या आहेत. ९३ क्रमांकाच्या या दुकानात मात्र पाय ठेवायला जागा नाही. दोघे पूर्वी आपला माल आधी स्वतःवर पारखून पाहत. थट्टा म्हणून बनवलेल्या, मंत्र परतवणाऱ्या टोप्यांची ५०० नगांची मागणी खुद्द मंत्रालयाकडून येते. मोठ्यांनाही साधे संरक्षण जमत नाही हे या पोरांच्या ध्यानात आले आणि लगेच झगे आणि हातमोजे तयार झाले. गिऱ्हाइकाची गरज ओळखण्याचा हा धडा वाणिज्य शाखेच्या पुस्तकात इतका रंजक सापडणे कठीण.

दोन गोष्टी आधी सांगितलेल्या बऱ्या. शाळेतील मेजवान्यांत सामिष पदार्थांची वर्णने आहेत. चौथ्या भागापासून मृत्यू आणि क्रौर्य वाढत जाते, तेव्हा पहिले तीन भाग नऊ-दहा वर्षांच्या मुलाला द्यावेत, पुढचे थोडे थांबून. मराठी प्रत आजोबांच्या हाती आणि इंग्रजी नातीच्या, असे वाचन झाले तर बोलायला विषय पुष्कळ निघतील.

त्यांतला एक असा. हॅरीचे ते एक हजार गॅलिऑन कोणत्या खाती मांडायचे? देणाऱ्याने परत मागितले नाहीत, म्हणून देणगी म्हणावी, तर घेणारे तसे मानत नाहीत. हॅरी दुकानात येतो तेव्हा हवी ती वस्तू उचल, पैसे घेणार नाही, असे त्याला बजावले जाते. त्याच दिवशी सख्खा भाऊ रॉन हातभर वस्तू उचलतो. किंमत तीन गॅलिऑन, नऊ सिकल आणि एक नट. भावासाठी किती? फक्त एक नट कमी. जवळ तेवढे नाहीत म्हटल्यावर त्याला त्या वस्तू जागच्या जागी परत ठेवायला सांगितले जाते.