एसीत बसून काहाचा तरास?

दिवाळीनंतर मंडईचा हंगाम सुरू झाला की पुण्या-बंगळुरूला नोकरीत असलेली मुलं ब्रह्मपुरी, आरमोरी, देसाईगंजकडे परततात. मंडपात झाडीपट्टीचं नाटक रंगलेलं असतं आणि एखादी मुलगी मागच्या बाजूला हॉटस्पॉटवर लॅपटॉप उघडून बसलेली दिसते. कामाचे तास, वरिष्ठांची बोलणी, नोकरकपातीची धास्ती याबद्दल ती चार शब्द बोलली, की घरातलंच कुणी तरी म्हणतं, "एसीत बसून काहाचा तरास?" मोठ्या तंत्रज्ञान कंपनीतल्या नोकरदारांची मतं म्हणजे लाडावलेल्यांची कुरकुर, असा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. तो खोडून काढला पाहिजे.

पहिला आक्षेप कोळसा खाणीचा दाखला देतो. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 46 अंशांवर जातो, तरी खाण कामगार तिन्ही पाळ्यांत राबतो. मग यांनीच का रडावं? हा दाखला देणाऱ्यांनी खाण आतून पाहावी. भूमिगत खाणीत छताखाली काम सुरू करण्याआधी छत ठोकून पाहतात. आवाज टणक आला तर ठीक, पोकळ आला तर माणसं मागे घेतात. तिथे कामगाराच्या कानाला किंमत आहे. खाण नियमांनुसार शंभरावर माणसं असलेल्या खाणीत सुरक्षा समिती असते, तीत व्यवस्थापनासोबत कामगारांचे प्रतिनिधी बसतात आणि महिन्यातून एकदा तरी बैठक होते. वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स) कामगाराचं वेतन संघटनांशी झालेल्या करारातून ठरतं. खाण कामगार गप्प राहून टिकलेला नाही; बोलण्याची हक्काची जागा मिळवून टिकला आहे. तेव्हा त्याचा दाखला आक्षेपकांच्या नव्हे, त्या लॅपटॉपवाल्या मुलीच्याच बाजूचा आहे.

दुसरा आक्षेप असा, की पटत नसेल तर नोकरी सोडावी. सोडणं इतकं सोपं असतं तर बोलायची वेळच आली नसती. अनेक कंपन्यांत नोटीस पिरियड 90 दिवसांचा असतो, पुढची कंपनी तितकं थांबत नाही, आणि रिलिव्हिंग लेटर नसेल तर दार उघडत नाही. शैक्षणिक कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला जातो. पुण्यात वाढलेल्या मुलाला नोकरी गेली तरी शहरात घर असतं. एटापल्ली-भामरागडच्या मुलासाठी नोकरी जाणं म्हणजे शहरच सुटणं. जुलै 2025 मध्ये टीसीएसने सुमारे बारा हजार जणांना कमी करण्याचं जाहीर केलं, तेव्हा ही धास्ती गावागावांतल्या घरांत पोहोचली.

तिसरा आक्षेप म्हणतो, कंपन्या सर्वेक्षण घेऊन मतं विचारतातच की. विचारतात, पण कशी? अर्ज निनावी म्हणवतो आणि विभाग, शहर, नोकरीची वर्षं, स्त्री की पुरुष हे सगळं विचारतो. सहा जणांच्या टीममध्ये एकच मुलगी असेल, तर तिचं नाव न लिहिताही कळतं. ती मग ‘समाधानी’वर टिचकी मारते. भीतीपोटी दिलेलं उत्तर कंपनीच्याही कामाचं नसतं.

मोठ्या माणसांची मतं मात्र बिनधास्त छापून येतात. ऑक्टोबर 2023 मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला 70 तास काम करायला सांगितलं; जानेवारी 2025 मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांचं 90 तासांचं बोलणं गाजलं. महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा आठवड्याला 48 तासांची मर्यादा घालतो. 70 तास म्हणजे सहा दिवस रोज पावणेबारा तासांच्या आसपास. मालकाचं मत राष्ट्रहिताचं आणि राबणाऱ्याचं मत आळसाचं, हा न्याय कुठला?

आता मंडन. कर्मचाऱ्याचं प्रत्येक मत बरोबर असतं, असा माझा दावा नाही. मनासारखी पगारवाढ न मिळाल्याचा राग त्यात असू शकतो. म्हणूनच मतं तपासणारी, दोन्ही बाजूंची समिती हवी. 2020 ची औद्योगिक संबंध संहिता नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झाली. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असावी आणि तीत दोन्ही बाजू समसमान असाव्यात, असं ती सांगते. पण संगणक अभियंता ‘कामगार’ ठरतो का, हा वाद जुना आहे. मॅनेजरचा शिक्का बसला की माणूस व्याख्येबाहेर ढकलला जातो. सरकारने हा वाद स्पष्ट शब्दांत मिटवावा.

बोलल्याने कंपन्या बुडत नाहीत. 2018 मध्ये गूगलच्या हजारो कर्मचाऱ्यांनी लष्करी ड्रोनशी संबंधित ‘मेव्हन’ प्रकल्पाला लेखी विरोध केला. कंपनीने तो करार पुढे वाढवला नाही. त्याच वर्षी लैंगिक छळाची प्रकरणं हाताळण्याच्या पद्धतीवर संतापून सुमारे 20 हजार जण काम थांबवून बाहेर पडले. गूगल आजही उभी आहे. चंद्रपूरचं 2,920 मेगावॉटचं वीज केंद्रही कामगार संघटनांसकट चालू आहे.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात निर्णय सर्वसहमतीने होतात. एकाचीही हरकत असेल तर चर्चा पुढे चालते. त्याच गावाने 2009 मध्ये आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. कंपनीचा प्रत्येक निर्णय असा होणार नाही, हे मान्य. पण हरकत ऐकून घेणं, नोंदवणं आणि तिला उत्तर देणं कोणत्याही कंपनीला जमण्यासारखं आहे.

सुरुवात आपल्याच हातात आहे. चंद्रपूरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाने आणि गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाने कॅम्पसवर येणाऱ्या कंपनीला पॅकेजसोबत तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: प्रत्यक्ष कामाचे तास किती, तक्रार समितीत कर्मचाऱ्यांचे प्रतिनिधी किती, आणि गेल्या वर्षी किती तक्रारी निकाली निघाल्या. पालकांनीही पगाराच्या आकड्याआधी ही उत्तरं वाचावीत. जी कंपनी उत्तर टाळते, तिच्या हाती आपली मुलं सोपवण्याची घाई करू नये.