जलद मार्गिका आधी बसची

गर्दी वाढली की टोल वाढवायचा, गर्दी ओसरली की उतरवायचा, ही पद्धत आपल्याकडच्या महामार्गांवर अजून आलेली नाही. पण ती यायला तांत्रिक अडचण आता फारशी उरलेली नाही. फास्टॅग फेब्रुवारी 2021 पासून सक्तीचा आहे आणि नाक्यावर गाडी न थांबवता टोल कापण्याची तयारीही चालू आहे. पुण्याभोवतीचा रिंग रोड, शिरूरकडे जाणारा उन्नत रस्ता असे मोठे रस्ते आपल्या दाराशी येऊ घातले आहेत. म्हणून दर ठरून गेल्यावर ओरडण्यापेक्षा विश्रांतवाडी-धानोरीच्या लोकांनी हा विषय आत्ताच समजून घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.

वॉशिंग्टनलगतच्या व्हर्जिनिया राज्यात आय-66 नावाचा महामार्ग आहे. तिथे डिसेंबर 2017 मध्ये सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळेपुरता असा टोल सुरू झाला. वाहनांची संख्या आणि वेग सतत मोजला जातो आणि दर काही मिनिटांनी दर बदलतो. वाहतूक मंदावू लागली की दर चढतो, काही चालक दुसरा रस्ता धरतात किंवा उशिरा निघतात, आणि पैसे मोजणाऱ्याला मोकळा रस्ता मिळतो. पहिल्याच आठवड्यात हा दर 40 डॉलरपर्यंत गेला आणि मोठा गदारोळ उठला. त्या गदारोळात दोन गोष्टींकडे कमी लक्ष गेलं. बसला टोल नव्हता, आणि गाडीत दोन माणसं असली तरी तेव्हा टोल माफ होता. शिवाय या टोलच्या उत्पन्नातला वाटा त्या परिसरातल्या बस आणि इतर सार्वजनिक वाहतुकीच्या योजनांना मिळतो. सॅन दिएगोच्या आय-15 महामार्गावर 1998 मध्ये गर्दीनुसार बदलणारा दर लागू झाला, तेव्हाही त्या पैशातून एक बससेवा चालवली गेली.

उलट उदाहरणही अमेरिकेतलंच आहे. कॅलिफोर्नियाच्या 91 क्रमांकाच्या महामार्गावर डिसेंबर 1995 मध्ये खासगी कंपनीने टोलच्या मार्गिका सुरू केल्या. करारात एक कलम होतं, की शेजारच्या मोफत मार्गिका सरकारने वाढवायच्या नाहीत. मोफत रस्ता तुंबलेला राहिला तरच टोलच्या मार्गिकेला गिऱ्हाईक मिळणार! अखेर 2003 मध्ये ऑरेंज काउंटीच्या वाहतूक प्राधिकरणाला त्या मार्गिका 20 कोटी डॉलरहून अधिक मोजून विकत घ्याव्या लागल्या, तेव्हा कुठे ते कलम सुटलं. ठेकेदाराशी होणाऱ्या करारातली बारीक अक्षरं किती महाग पडतात, हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको.

आता आपला रस्ता. संगमवाडी ते विश्रांतवाडी हा बीआरटी मार्ग ऑगस्ट 2015 मध्ये सुरू झाला. सुमारे 8 किलोमीटरची, फक्त बससाठी राखलेली मार्गिका. कल्पना अगदी साधी होती. एका बसमध्ये पन्नास माणसं असतील, तर त्यांनी प्रत्येकी एकेक माणूस बसलेल्या गाड्यांच्या मागे का खोळंबावं? पुढे काय झालं, ते आळंदी रस्त्याने जाणाऱ्यांनी पाहिलं आहे. दुचाक्या घुसल्या, मग रिक्षा, मग कार. वॉर्डन असला तर थांबायचं, नसला तर जायचं. नगर रस्त्यावरचा 2016 मध्ये सुरू झालेला बीआरटी मार्ग तर काही वर्षांतच उखडला गेला. बसची मार्गिका राखायला माणसं पुरत नाहीत, कॅमेरे पुरत नाहीत, असं आपल्याला सांगितलं जातं. टोलची मार्गिका आली की मात्र सगळं पुरेल. प्रत्येक गाडीची नंबरप्लेट टिपली जाईल, घुसखोराला दंड होईल, कारण तिथे प्रत्येक घुसखोरीत कुणाचा तरी महसूल बुडणार. ज्या काटेकोरपणाची पीएमपीच्या प्रवाशाने इतकी वर्षं वाट पाहिली, तो पैसे मोजणाऱ्या कारला पहिल्या दिवशी मिळेल. मला राग येतो तो याचा.

आपली आजची टोलपद्धतही बसच्या बाजूची नाही. राष्ट्रीय महामार्गांच्या 2008 च्या नियमांत मूळ दर कारला किलोमीटरला 65 पैसे आणि बसला 2 रुपये 20 पैसे होता. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर एप्रिल 2023 मध्ये कारला 320 आणि बसला 940 रुपये दर लागू झाला. वाहनाचं वजन आणि त्याने होणारी रस्त्याची झीज हा त्यामागचा हिशेब. बस जड असते, हे खरंच. पण गर्दीचा हिशेब करायचा असेल, तर झिजेपेक्षा जागा मोजली पाहिजे, आणि माणशी जागा बसच सगळ्यात कमी घेते. ऑगस्ट 2025 मध्ये राष्ट्रीय महामार्गांसाठी 3,000 रुपयांचा, 200 फेऱ्यांचा वार्षिक पास निघाला, तोही फक्त खासगी कार, जीप आणि व्हॅनसाठी. त्याच महिन्यात राज्याने द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर विजेच्या कारसह विजेच्या बसलाही टोलमाफी दिली, हे मात्र चांगलं पाऊल आहे. ही माफी इंधन न बघता प्रत्येक प्रवासी बसला मिळायला हवी.

गर्दीचा दर मला तत्त्वतः मान्य आहे. शनिवारी सकाळी बोरघाट तुंबलेला असताना आणि मंगळवारी दुपारी मोकळा असताना एकच टोल घेणं, यात शहाणपण नाही. पण वेळ बदलणं सगळ्यांच्या हातात नसतं. विमाननगरच्या कार्यालयातला अभियंता अकरा वाजता निघू शकतो. त्याच इमारतीत सातच्या पाळीला हजर व्हायचं असलेली सफाई कामगार बाई नाही. ती कारने जात नाही, टोलही भरणार नाही. तिला या योजनेतून एकच गोष्ट मिळू शकते, ती म्हणजे वेळेवर येणारी आणि न अडकणारी बस. ती मिळणार नसेल, तर ही योजना तिच्यासमोर फक्त तुंबलेला जुना रस्ता ठेवेल.

म्हणून रिंग रोड असो की उन्नत रस्ता, टोलची अधिसूचना निघण्याआधी आपल्या नगरसेवकाला, आमदाराला लेखी विचारा : बसला टोल माफ आहे का, जमा होणाऱ्या रकमेतला ठरलेला वाटा पीएमपी आणि एसटीला देण्याचं कलम करारात आहे का, आणि शेजारचा मोफत रस्ता सुधारायला सरकारचे हात मोकळे आहेत का. तिन्हींचं उत्तर ‘हो’ आलं, तर पाठिंबा द्या. एकाचंही ‘नाही’ आलं, तर हरकत नोंदवा.