राणी राज्य करीत नाही

उमरग्याच्या आसपास राहत असाल तर आग्या मोहोळ तुम्ही पाहिलेच असेल. जुन्या वडाच्या आडव्या फांदीला, नाही तर पाण्याच्या उंच टाकीच्या बुडाला सुपासारखे लोंबणारे, काळसर. ते दिसले की कोणी तरी टेंभा पेटवायची भाषा करतोच. रात्री जाळ दाखवून मोहोळ झाडायचे आणि अख्खे पोळे कापून न्यायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. ती आता सोडून द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या पोळ्यात चालते तरी काय? 'राणी माशी' या नावाने आपली फसगत होते. राणी म्हटली की हुकूम सोडणारी, असे वाटते. ही बिचारी जन्मभर अंडी घालते! तिच्या अंगच्या गंधाने कुटुंब एकत्र राहते हे खरे. पण कारभार कामकरी माश्यांचा. ज्या अंड्यातून कामकरी निघते त्याच अंड्यातून राणीही घडते. फरक खुराकाचा, आणि तो खुराक देणाऱ्या कामकरीच. नव्या घराची जागासुद्धा राणी ठरवीत नाही. टेहळणी करून आलेल्या माश्या नाचून आपापली जागा सुचवतात आणि जिच्या बाजूने पुरेशा माश्या जमतात ती पक्की होते. या नाचाचा अर्थ लावणारे कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

आग्या माश्यांचे पोळे एकच, तेही उघड्यावर. ना भिंत, ना छप्पर. म्हणून कामकरी एकमेकींना धरून पोळ्यावर जिवंत पडदाच करतात. त्याच्या आड पिलांना ऊब मिळते. गांधीलमाशी जवळ आली, की पडद्यावरच्या माश्या एकीपाठोपाठ एक पोट वर उचलतात आणि पाण्यावर उठावी तशी लाट पोळ्यावरून सरकते. शत्रू बिचकतो.

टेंभ्यापुढे मात्र या पडद्याचे काही चालत नाही. माश्या होरपळतात. मध असतो पोळ्याच्या वरच्या जाड भागात. खाली अंडी, अळ्या आणि कोष. आपण सगळेच फडक्यात घालून पिळतो. त्या मधात अळ्यांचा रसही उतरतो, हे खाणाऱ्याला कोणी सांगत नाही!

"पण त्या माश्या डसतात, त्याचे काय?" डसतात, आणि पुष्कळ डसल्या तर माणूस दगावतोही. म्हणूनच मोहोळाला दगड मारू नये. वस्तीजवळ असेल तर जाणकाराला बोलवावे. एरवी हंगाम सरला की ते आपोआप उठून जाते. सूर्यफूल आणि करडई पेरणाऱ्यांनी तर त्याला जपावेच, कारण दाणा भरायला या माश्यांची मदत होते.

मध काढूच नये, असे मी म्हणत नाही. पुण्यात १९६२ साली सुरू झालेल्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेने मध गोळा करणाऱ्यांना वेगळी पद्धत शिकवली आहे. अंगभर पोशाख घालायचा, जाळाऐवजी धूर द्यायचा आणि फक्त मधाचा भाग कापायचा. काम मोठ्यांचे आहे, तुमचे नव्हे. पण तुमच्या गावात मोहोळ झाडणारा कोणी असेल तर त्याला एवढे जरूर सांगा: खालचा पिलांचा भाग शाबूत राहिला, तर माश्या त्याच फांदीवर परततात आणि कापलेली जागा पुन्हा मधाने भरू लागतात.