तत्त्वज्ञान शिकून नोकरी कुठे?

बारावीनंतर मुलीने तत्त्वज्ञानाची पदवी घ्यावी, असे आम्ही सुचविले की पालक विचारतात, ‘त्यात नोकरी कुठे?’ हातावर पोट असणाऱ्याने हे विचारलेच पाहिजे. केंद्रीय लोकसेवा परीक्षेत नीतिशास्त्राची २५० गुणांची प्रश्नपत्रिका असते, हे आम्ही सांगतो. पण आमचे खरे कारण निराळे. हाताने मैला उचलण्यास बंदी करणारा कायदा १९९३ साली झाला, २०१३ साली पुन्हा झाला. तरी माणसे गटारात गुदमरून मरतात. नियम पाळायचा असतो, तत्त्वाने पारखायचे असते, हा भेद ड्यूईंच्या या शिष्याने, बाबासाहेबांनी, १९३६ सालीच ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये मांडला. उपयोजित नीतिशास्त्र तेच शिकविते. गटारात कोणी उतरायचे हे जेथे ठरते, त्या टेबलाशी आमची विद्यार्थिनी बसलेली आम्हांस पाहावयाची आहे.