बर्फातला कार्बन केवळ जुन्या हवेचा नव्हे



हिमनदीच्या बर्फातील कार्बन-१४ मोजला की जुन्या हवेचे वय थेट कळते, आणि हे सारे संशोधन परदेशीच आहे, असे गेल्या अंकातील पत्रात वाचले. दोन्ही विधाने मला पटली नाहीत.

बर्फाच्या बुडबुड्यांत जुनी हवा अडकते, हे खरे. पण वैश्विक किरणांच्या माऱ्याने बर्फातल्या ऑक्सिजनचे अणुगर्भ फुटून तिथेच नवा कार्बन-१४ही तयार होतो. हे दोन वाटे वेगळे केल्याशिवाय वय सांगणे म्हणजे फसगत. सुदैवाने बर्फात जन्मलेल्या कार्बन-१४चा लक्षणीय भाग कार्बन मोनॉक्साइडच्या रूपात राहतो, हवेतून आलेला मात्र बहुतेक कार्बन डायऑक्साइडमध्ये असतो. त्यावरून वाटणी करता येते.

बर्फात जन्मणाऱ्या या कार्बनचा उपयोग दाखवणाऱ्यांत भारतीय शास्त्रज्ञ देवेंद्र लाल अग्रणी होते. वाराणसीत जन्मलेल्या लालांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बर्नार्ड पीटर्स यांच्यासोबत वैश्विक किरणांवर काम केले. ध्रुवीय बर्फ किती झिजतो, हे त्यांनी सहकाऱ्यांसह १९९० मध्ये याच कार्बनवरून मोजले. पुढे २००५ मध्ये ग्रीनलँडच्या बर्फातून गेल्या ३२,००० वर्षांतील सूर्याच्या सक्रियतेतील चढउतारांचा मागोवाही घेतला. हे संशोधन परके कसे?

आमच्या सिहोऱ्यातील विद्यार्थ्यांना लालांचे नाव कळावे, अशी मनापासून इच्छा आहे. त्यांच्यावर एक सविस्तर लेख छापावा, ही विनंती.

– एक वाचक, सिहोरा (ता. तुमसर, जि. भंडारा)