निरोगी मेंदूचे माप

चप्पल लाईनमधला जुना कारागीर गिऱ्हाईकाच्या पायाचे माप घेतल्याशिवाय चामड्याला हत्यार लावीत नसे. दुसऱ्याच्या मापाची चप्पल कितीही सुबक असली, तरी ती चावणारच. मेंदूच्या एमआरआय तपासणीतही प्रश्न मापाचाच असतो.

विसरभोळेपणा वाढलेल्या आजोबांच्या अहवालात ‘मेंदू थोडा आकसला आहे’ असे वाचून घर धास्तावते. वास्तविक वयोमानानुसार प्रत्येकाचाच मेंदू काहीसा आकसतो. आकसणे किती झाले की आजार समजावा, हे ठरवण्यासाठी त्याच वयाच्या निरोगी माणसांच्या प्रतिमा समोर असाव्या लागतात. आजाऱ्यांच्या प्रतिमा रुग्णालयात आपोआप जमतात; निरोगी माणसाने मात्र स्वेच्छेने पुढे यावे लागते.

1988 साली प्रसिद्ध झालेला तालाराक व तूर्नू यांचा मेंदूचा नकाशा साठ वर्षांच्या एकाच स्त्रीच्या मेंदूवरून रेखाटला होता. पुढे कॅनडातील माँट्रियल येथे 152 तरुणांच्या प्रतिमांची सरासरी काढून नवे परिमाण तयार झाले. हैदराबादच्या ट्रिपल आयटीतील संशोधकांनी 2019 मध्ये पन्नास पुरुष व पन्नास स्त्रिया अशा शंभर निरोगी भारतीयांच्या प्रतिमांवरून भारतीय नकाशा सिद्ध केला. आपल्या मेंदूची सरासरी उंची, रुंदी व आकारमान पाश्चात्त्यांपेक्षा कमी असल्याचे त्यात आढळले. याचा बुद्धिमत्तेशी संबंध जोडू नये. पण परक्या मापाने मोजल्यास निदान चुकू शकते, हे ध्यानी घ्यावे. हा नकाशाही विशी-तिशीतल्यांचा. ज्येष्ठांसाठी बंगळुरूचे मेंदू संशोधन केंद्र कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपुरा परिसरात पंचेचाळिशी ओलांडलेल्या ग्रामस्थांचा दीर्घकालीन अभ्यास करीत आहे.

एकेका संस्थेच्या मोजक्या प्रतिमांतून पक्के निष्कर्ष निघत नाहीत; म्हणून त्या इतर संशोधकांनाही उपलब्ध करून देतात. ब्रिटनच्या ‘यूके बायोबँक’ने 2025 पर्यंत एक लाख स्वयंसेवकांच्या प्रतिमा घेतल्या. मान्यता मिळवून जगभरचे अभ्यासक त्या वापरतात.

तथापि एक धोका नजरेआड करू नये. डोक्याच्या एमआरआयमध्ये चेहऱ्याची ठेवणही उमटते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी 2019 मध्ये 84 स्वयंसेवकांच्या प्रतिमांवरून चेहरे घडवले आणि संगणकाने त्यांपैकी 70 जण छायाचित्रांशी ताडून अचूक ओळखले. म्हणजे नाव खोडणे पुरेसे नाही. चेहऱ्याचा भागही पुसावा लागतो.

म्हणून संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी चार प्रश्न अवश्य विचारावेत. प्रतिमा कोणाला मिळणार? चेहरा पुसणार का? मन बदलल्यास माघार घेता येईल का, आणि तोवर इतरांकडे गेलेल्या प्रतिमांचे काय? तपासणीत अकस्मात काही आढळल्यास मला कळवणार का? या तपासणीत क्ष-किरण नसतात. परंतु पेसमेकर किंवा शरीरात धातूचा भाग असल्यास आधी सांगावे. सांभाळ करणाऱ्यांनीही, ज्येष्ठांना समजत असताना, त्यांच्या वतीने परस्पर होकार देऊ नये.

देहदानाचा अर्ज भरणारे ज्येष्ठ आपल्या कोल्हापुरात आहेत. ते दान मृत्यूनंतरचे. हे दान हयातीतले आहे. त्यासाठी द्यावा लागतो तो थोडा वेळ, आणि घ्यावी लागते ती पुरेशी माहिती. पुढच्या पिढीतल्या एखाद्या आजीचे निदान त्यामुळे वेळेवर होऊ शकेल.